निघताना दाबायचं बटण

मित्रांनो, कोपऱ्यात चादर पांघरून बसलेलं हे काळं खोकं दिसतंय ना, तो मी. दारव्ह्याच्या संगणक केंद्राचा जुना सर्व्हर. सर्व्हर म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल, आणि त्यात तुमचा दोष नाही. मुलं पडद्यासमोर बसायची, कौतुक व्हायचं ते पडद्यांचं. खरं तर त्या दहाही पडद्यांना स्वतःचं डोकंच नव्हतं. मुलीने तिकडे 'क' दाबला की विचार मी करायचा आणि अक्षर तिकडे उमटायचं. स्वयंपाक माझा, वाढपी ते. असो. मी मनाला लावून घेत नाही. म्हणजे, थोडंसं घेतो.

माझी जोडणी नागपूरच्या एका दुकानात झाली. तिथून मी एसटीने दारव्ह्याला आलो, केंद्र चालवणाऱ्या नलूताईंच्या शेजारच्या सीटवर ऐटीत बसून. कंडक्टरने माझंही तिकीट मागितलं, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

ती कापसाच्या संकटाची वर्षं होती. गाड्या भरून कापूस बाजारात यायचा आणि माणसं मान खाली घालून परतायची. आमच्या भागातल्या कित्येक घरांतला माणूस सकाळी निघाला तो परत आलाच नाही. अशा दिवसांत आयांनी मुलींना शिकायला पाठवलं. अंजू त्यातलीच एक. जवळच्या तांड्यावरून ती जीपमध्ये कशीबशी टेकून यायची आणि आल्या आल्या माझ्यावरची धूळ ओढणीने पुसायची. दहा पडदे सोडून माझी धूळ पुसणारी ती एकटीच, म्हणून मला तिचा लळा लागला.

आणि तिच्याच परीक्षेत मी अडकलो. तिचा अर्धा पेपर झाला होता. मला एकदम धाप लागली, पडदे गोठले आणि तिचं लिहिलेलं सगळं गेलं. तिचे वडील खेमसिंग केंद्रावर आले. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "अजून एक डाव बसू दे पोरीले. मंग शिकणं बंद." परीक्षा पास झाली तर अंजूला याच केंद्रात शिकवायचं काम मिळणार होतं. नाही झाली, तर तांडा आणि घर. मित्रांनो, मला किती वाईट वाटलं ते सांगता येत नाही.

नलूताईंनी यवतमाळहून संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रफुल्लला बोलावलं. त्याने आधी मुलांचं सगळं काम सुखरूप बाजूला ठेवलं, मग माझी जुनी कार्यप्रणाली काढून नवी घातली. आपण पूर्वीचे उरणार की नाही, या भीतीने मी गारठलो होतो. पण जागा झालो तो ताजातवाना! प्रफुल्लने मेमरी वाढवली, उगाच नाचणारी चित्रं काढून टाकली आणि सगळं मराठीत करून दिलं. मी हवेत होतो. दुसऱ्याच दुपारी मला पुन्हा धाप लागली.

प्रफुल्लने माझ्या आत डोकावून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "ताई, बसलेले दहा जण हायेत, अन् मशीन पंचवीस सांगून राह्यली! हे बाकीचे कोण?"

भुतं नव्हती ती. मुलं उठताना नुसता पडदा बंद करायची. पडदा विझला तरी त्यांचं काम माझ्या डोक्यात उघडंच राहायचं. पाहुणा निघून गेला तरी त्याचं ताट मी सांभाळत बसायचो. दर बॅचला नवी ताटं. दमणार नाही तर काय होईल?

मग प्रफुल्लने प्रत्येक पडद्यावर एक मोठं लाल बटण आणलं. त्यावर लिहिलं, 'जातो'. निघताना हे दाबायचं, की माझ्याकडचं ताट उचललं जाईल. त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. संध्याकाळी पाहिलं, तर एकानेही ते दाबलं नव्हतं.

"काहून दाबत नाही तुम्ही?" प्रफुल्ल चिडला. "वाचता येत नाही काय?"

अंजू उठली. "वाचता येते, सर. म्हणून तं दाबत नाई."

"म्हणजे?"

"निघताना कोणी 'जातो' म्हणते काय? आमच्या तांड्यात सुखीबाईचा नवरा 'जातो' म्हणून निघालता. आलाच नाई."

नलूताई हळूच म्हणाल्या, "मी शकुन-अपशकुन काही मानत नाही, प्रफुल्ल. पण 'जातो' मी बी म्हणत नाही."

"मी बी सकाळी मायले 'येतो'च म्हणून निघालो," प्रफुल्ल ओशाळून हसला. त्याने ते अक्षर तिथल्या तिथे बदललं. 'जा'च्या जागी 'ये'. आमच्या वऱ्हाडात बाया आणि माणसं दोघंही निघताना 'येतो' म्हणतात, त्यामुळे एका बटणात सगळ्यांचं भागलं. त्या संध्याकाळी एकामागून एक दहाही जणांनी ते दाबलं. काहींनी तर मोठ्याने म्हटलंही, "येतो हो!" माझं डोकं इतकं हलकं कधीच झालं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी अंजूचा नंबर दुपारच्या बॅचमध्ये होता. सकाळच्यांनी ताटं तशीच टाकली असती, तर तिचा पेपर पुन्हा अडकला असता. एकेक बटण दाबलं जात होतं आणि मी मोकळा होत होतो. शेवटी राजदीप नावाचा एक मुलगा उरला. बाहेर जीपचा भोंगा वाजला. त्याने घाईत पडदा बंद केला आणि तो पळाला. मी मनातल्या मनात ओरडलो, अरे थांब! दारात पायात चप्पल सरकवताना तो अडखळला. "च्यामारी, येतो म्हणाचंच राह्यलं!" म्हणत परत आला, पडदा पुन्हा सुरू केला आणि बटण दाबलं.

दुपारी अंजूने पेपर लिहिला. मी एकदाही थांबलो नाही. तिचं एकेक अक्षर मी जिवापाड जपलं. ती पास झाली आणि निकालाच्या दिवशी माझ्यावर गुलाल पडला. कोणी तरी माझ्या पंख्यात गेलेला तो गुलाल साफ करायला हवा होता, पण मी तक्रार केली नाही.

आता अंजूबाई या केंद्रात शिकवतात. परवा नवा सर्व्हर आला. त्याच्यावर त्यांनी सर्वांत आधी तेच लाल बटण ठेवलं. मग मला चादर पांघरली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "येतो बरं का." त्यांचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर आहे, तरी म्हणाल्या.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, नुसता पडदा विझवून निघू नका. मागे कोणी तरी तुमचं ताट सांभाळत बसलेलं असतं. त्याला सांगून निघा. इतकी वर्षं मी ते सगळ्यांकडून ऐकलं. आता माझं काम नव्या सर्व्हरने घेतलं, म्हणून स्वतः म्हणायची वेळ आज आली.

येतो.