गुरुपादप्पांचा साठा

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे गुरुपादप्पा, लातूरच्या बाजारातले आडते. तुरीला तेजी येणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं आणि मग ते गोदाम गच्च भरून ठेवतात. ही खोड दवाखान्यातही सुटली नाही.

पायाच्या जखमेतून रक्तात जंतू शिरले आणि ताप एवढा चढला की त्यांनी मला ओळखलंच नाही. माझ्याकडे बघून ‘भाव बोला’ म्हणाले. मी तेव्हा खरंच घाबरले. डॉक्टर शिवांगींनी तपासायला रक्त घेतलं आणि नेमका कोणता जंतू ते कळेपर्यंत सगळ्यांत जबरदस्त इंजेक्शन सुरू केलं. शुद्धीवर येताच मामांनी सिस्टरकडून त्याचं नाव काढून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला फर्मान सोडलं, “संगमेश, गावात जेवढ्या बाटल्या असतील तेवढ्या उचल.” ओळखीचे मेडिकलवाले काही कमी नव्हते. संध्याकाळपर्यंत खोकं कॉटखाली आलं आणि मामांना तेवढ्यानंच निम्मं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसतच आल्या. “काका, नव्या मशीननं जंतूचं नाव सांगितलं. आता ते इंजेक्शन बंद. जुनं, साधं सुरू करू.”

मामांचा पारा चढला. “साधं? मी काय मेल्यात जमा हाय का? लोक भेटायला येतेत, त्यांना काय सांगू? संगमेश, गाडी काढ. हैदराबादला जाऊ.”

अंगात ताप, रक्तात जंतू आणि एवढा लांबचा प्रवास.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “काका, पोतं न उघडता तूर घेता का?”

“नमुना बघितल्याबिगर? न्हाई.”

“मग तुमच्या रक्ताचाही नमुना बघूनच जा. उद्यापर्यंत साधं इंजेक्शन घ्या आणि थांबा.”

नमुना म्हटल्यावर आडत्याचा पाय निघत नाही. मामा थांबले. ताप उतरू लागला, पण त्याचं श्रेय त्यांनी आदल्या दिवशीच्या इंजेक्शनला दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना व्हीलचेअरवरून लॅबमध्ये नेलं. काचेच्या बशीत मामांच्या रक्तातल्या जंतूंची साय धरली होती आणि तिच्यावर औषधांच्या बारीक चकत्या. औषध चालतं तिथं चकतीभोवती स्वच्छ गोल. साध्या औषधाभोवती चांगला ऐसपैस गोल होता. मामांनी चष्मा सारखा केला, बशी उजेडात धरायला लावली आणि म्हणाले, “माल बरा हाय.”

शेजारी दुसरी बशी होती. तिच्यात जंतू एक सोडून सगळ्या चकत्यांना जाऊन भिडले होते. फक्त त्या एकीभोवती गोल होता.

“ते तुमचं जबरदस्त इंजेक्शन,” डॉक्टर म्हणाल्या. “या पेशंटला तेवढं एकच उरलंय. गरज नसताना देत बसलो तर जंतू त्यालाही सरावतील.”

“पेशंट कोण?”

“नाव सांगत नसतात, काका.”

नाव सांगायची गरज पडली नाही. वॉर्डात परतलो तर शेजारच्या कॉटवर उदगीरच्या कस्तुराबाई धापा टाकत होत्या आणि त्यांचा मुलगा बजरंग सिस्टरपुढं रडकुंडीला आला होता.

“त्या इंजेक्शनसाठी समदं लातूर फिरलो. दवाखान्यातलं बी संपलं म्हणतेत. कुण्या आडत्यानं समदा माल उचलला. माय जाईल हो माझी!”

मी मामांकडे पाहिलं. मामा छताकडे पाहत होते. मला इतका राग आला की हे आपले सासरे आहेत हेही मी विसरणार होते.

“सुकन्या,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “खोकं वढ.” मग मोठ्यानं, “बजरंग, इकडं ये बाबा. तो आडत्या मीच.”

सिस्टरनं सील, तारखा तपासल्या आणि खोकं उचललं. एक बाटली मात्र मामांच्या मुठीत राहिली.

“ही असू दे घरात. शांतम्माला ताप आला तर?”

शांतम्मा म्हणजे माझ्या सासूबाई.

“नमुना घेतलाय का त्यांचा?” मी विचारलं.

मामांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं, मग कस्तुराबाईंच्या कॉटकडं, आणि मूठ उघडली.