टेकडीपुऱ्याचा पंचनामा

'धोंडमाळ औद्योगिक वसाहत ज्या जागेवर उभी आहे, ती जागा संपादनसमयी ओसाड, नापीक व निर्मनुष्य होती.'

अकोल्याजवळच्या या वसाहतीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या पहिल्या पानावर हे वाक्य छापायचे ठरले होते आणि त्यात तीन विशेषणे होती. ओसाड म्हणावे, तर संपादनानंतर तिथल्या दोनशे बाभळींचा लिलाव झाल्याची नोंद सरकारदप्तरी आहे. नापीक म्हणावे, तर ती ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची जमीन होती आणि तिने पीक द्यावे अशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती. प्रतीक्षा तायडेने ही दोन विशेषणे सोडून दिली. तिसऱ्या विशेषणाच्या जागेत तिची आई जन्मली होती.

प्रतीक्षा अमरावतीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवायची. ती मूळची अकोल्याची, शिवाय तिचे मराठी शुद्ध. म्हणून वसाहतीचा इतिहास लिहिण्याचे काम स्मरणिका समितीने तिच्याकडे दिले. आईचे माहेर कोणते, हे समितीने विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पन्नास वर्षांचा तो इतिहास तिने तीन आठवड्यांत लिहून काढला. आधी डाळमिली आल्या, मग सरकीच्या तेलाचे कारखाने, मग प्लास्टिकचे पाइप. मग शेडांना कुलपे लागली आणि पत्र्यांवर पिंपळ उगवले. आता तिथे काचेची सहा मजली इमारत उभी होती. तिला बिझनेस पार्क म्हणत आणि तिच्यात जुन्या शहरातली पोरे कानाला यंत्र लावून परदेशातल्या माणसांची गाऱ्हाणी ऐकत. हे सगळे समितीला पसंत पडले. फक्त टेकडीपुऱ्यावरचा परिच्छेद तेवढा काढा, असे अत्यंत सौजन्याने कळवण्यात आले. सोबत कारण होते: पुरावा नाही.

टेकडीपुरा म्हणजे एकतीस घरे, एक विहीर आणि निळ्या झेंड्याचा एक चौथरा. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आलेल्या माणसांची ती वस्ती. ती उठली, तेव्हा जमिनीचा कागद कोणाकडेच नव्हता. त्यामुळे 'आम्ही इथे राहत होतो' एवढेच सिद्ध करायचे उरले होते. त्या एकतीस घरांनी प्रकल्पग्रस्त म्हणून नोंद व्हावी यासाठी केलेला अर्ज दोनदा फेटाळला गेला. दोन्ही वेळा निकालातले वाक्य एकच होते: पंचनाम्यानुसार जागेवर वस्ती नव्हती, सबब कोणी विस्थापित झाले नाही. अठरा तारखेला तिसरी सुनावणी होती आणि त्यानंतर दाद मागायला जागा नव्हती. अर्जदारांतले एकोणीस जण तोवर वारले होते. प्रतीक्षाची आई शकुन ही हयात बारांपैकी एक.

निकालाला जोडलेल्या टंकलिखित प्रतीवर फक्त जावक तारीख होती, वीस ऑक्टोबर. मूळ हस्तलिखित पंचनामा मिळवायला प्रतीक्षाला माहिती अधिकारात अपिलापर्यंत जावे लागले. तो आला, तेव्हा ती कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा खात होती. तिने हात धुतले आणि वाचायला घेतले.

अक्षर सुंदर होते. पंचनामा करणाऱ्याला सगळे मोजायची सवय असावी. वापरात नसलेल्या झोपड्या, एकतीस. विहीर एक, दोरासह. ज्वारीच्या कणग्या सात, भरलेल्या. निर्मनुष्य जागेत ज्वारी कोण भरते, हा प्रश्न त्या अक्षराला पडला नव्हता, त्याचे काम मोजण्याचे होते. टंकलिखित प्रतीत कणग्या आल्याच नव्हत्या. खाली तारीख होती: १४ ऑक्टोबर १९७५, मंगळवार.

कोणत्याही वऱ्हाडी बौद्ध घरात ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. तरी प्रतीक्षाने जुने पंचांग काढून पाहिले. त्या वर्षी दीक्षेची तारीख आणि तिथी एकाच दिवशी आल्या होत्या. चौदा ऑक्टोबर, तोच दसरा. सरकारी सुट्टी. तिला संताप यायला हवा होता. तिने उरलेली पोळी संपवली, तासाची घंटा झाली आणि ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फ्रेंच राज्यक्रांती शिकवायला गेली.

रविवारी ती अकोल्याला गेली. आई ओसरीत बसून तूर निवडत होती. पंचनामा दसऱ्याच्या दिवशी झाला, असे प्रतीक्षाने तिला सांगितले.

"दसऱ्याले?" शकुनने मान वर केली नाही. "दसऱ्याले कोन सापडन वं तिथं? आमी समदे नागपूरले. चुली इझवून, दारं बांधून गेलो होतो."

पुढचे तिने बातमी सांगावी तसे सांगितले. तिसऱ्या दिवशी परतले, तर काटेरी तार आणि पाटी. भांडी तारेबाहेर रचून ठेवलेली, नीट, घरागणिक. आणीबाणी होती, पोलिसांनी दोघांना नेले, मग कोणी बोलले नाही. नागपूरला जायचे होते म्हणून दार बांधले, एवढीच आपली चूक, असे ती म्हणाली आणि एक खडा बाजूला टाकला.

पंचनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी एकच जण जिवंत होता. उद्धवराव मुळावकर, तेव्हाचे भूमापक, आता स्मरणिका समितीचे मुख्य सल्लागार. वय अठ्ठ्याहत्तर. अमरावतीतल्या त्यांच्या घरी प्रतीक्षा सकाळी दहाला गेली. त्यांनी चहा मागवला, बिस्किटे पुढे केली आणि तिच्या हस्तलिखितातल्या ऱ्हस्व-दीर्घाचे मनापासून कौतुक केले. पहिल्या पानावरचे वाक्य आपलेच आहे, हेही सांगितले.

तिने एकच प्रश्न विचारला. सरकारी माणूस दसऱ्याच्या सुट्टीत मोजणीला का जातो?

उद्धवरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. पन्नास वर्षांत कोणीतरी शेवटी कागद नीट वाचला होता.

"बाई, तुम्ही प्राध्यापक लोक तारखा पाठ करता," ते म्हणाले. "आम्ही त्या निवडायचो."

मग त्यांनी हातचे न राखता सांगितले. त्यांच्या मते यात लपवण्यासारखे काही नव्हते. वसाहत झाली, हजारो चुली पेटल्या, तुमच्याही लोकांच्या पेटल्या, कामावर घेताना कोणी जात विचारली नाही. प्रतीक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. ते चार मिनिटे पुढे होते. तिच्या हातातला चहा निवला आणि त्यावर साय धरली. इतकी वर्षे जे ऐकायचे होते ते ऐकताना माणसाला काही होत नाही, हे तिने कुठे वाचले नव्हते.

हे लिहून द्याल का, असे तिने विचारले. सुनावणीत दाखल करणार आहे, तुमच्या सहीने, हेही स्पष्ट सांगितले.

"माझ्याविरुद्ध?"

"हो सर."

ते हसले. कारवाईची मुदत केव्हाच उलटली होती, पेन्शन कोणी थांबवू शकत नव्हते, आणि आपण लिहिलेले आपण कधी नाकारले नाही, असे म्हणून त्यांनी टेबलाच्या खणातून फुलस्केप काढला. समितीची माणसे रागावतील, असे तिनेच सुचवून पाहिले. त्यांना जमिनीतले काय कळते, एवढेच ते बोलले. अर्धा तास ते खाली मान घालून लिहीत होते. मग एकदा वाचले, एक अनुस्वार दिला, सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्याकडे सरकवला. अक्षर जराही बदलले नव्हते.

अठरा तारखेला अकोल्यात, बारा म्हाताऱ्या माणसांसमोर, उपजिल्हाधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून प्रतीक्षाने तो कागद उभ्याने वाचला. स्वतःचा एकही शब्द तिने त्यात घातला नाही.

"दि. १४ ऑक्टोबर १९७५ रोजी टेकडीपुऱ्यातले लोक नागपूरला गेलेले असतील, हे मला ठाऊक होते. सप्टेंबरात मी दोनदा मोजणीस गेलो असता बायामाणसे जमीन मोजण्याच्या साखळीपुढे बसली व मोजणी झाली नाही. म्हणून सुट्टीचा दिवस मी स्वतः निवडला. वरून तसा आदेश नव्हता. दारांना कुलपे होती, कुलूप नव्हते तिथे तार गुंडाळलेली होती. एका झोपडीत एक आजारी म्हातारी होती. तिने मला बसायला सांगितले. ती म्हणाली, समदे दीक्षाभूमीले गेले, परवा येतीन, तवा या. हे दोन्ही पंचांनी ऐकले. मी ते लिहिले नाही. लिहिले असते, तर परवा यावे लागले असते."