झग्याच्या आतली गोधडी

या, असे जवळ सरका. घोंगडीचं हे टोक पायांवर ओढून घ्या. पाय झाकल्याशिवाय ही गोष्ट ऐकवत नाही, कारण ती उघड्या गुडघ्यांची आहे. आमच्या सुंदररावांची.

कल्याणराव आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांनी कुठल्याशा लष्करी संचलनात पिशवीबाजा ऐकला. काखेत हवेची पिशवी, तिला सनईसारख्या नळ्या, अन् वाजवणारे ताठ चालतात. हंगामातली उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडते त्या दिवशी आपल्याही कारखान्यावर असा बाजा वाजलाच पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं. सुंदरराव पलटणीच्या बँडमधून पेन्शनीत आलेले. त्यांना मास्तर केलं, गावातले तरणे गडी हाताखाली दिले अन् चौकड्याचे लोकरी किल्ट शिवून आणले. गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा तो पोशाख. आमच्याकडं त्याला कुणी किल्ट म्हटलं नाही, झगाच म्हणायचे.

मोळी पडते मार्गशीर्षात, पहाटेच्या मुहूर्तावर. सिंदफणा नदीकडून वारा येतो तो थेट हाडांत शिरतो. गडी विचारायचे, मास्तर, आतून पायजमा घालू का? मास्तर म्हणायचे, खाली मोजे, वर झगा, मधी उघडं, हीच रीत. पण पहिल्याच वर्षी त्यांचेच गुडघे लटपटले. गुडघे हलले की काख हलते, काख हलली की पिशवीवरचा दाब ढळतो अन् सूर थरथरतो. जमलेल्या लोकांना ते कळलं नाही. केसरबाईंना कळलं.

केसरबाई म्हणजे सुंदररावांच्या मालकीण. मूलबाळ नव्हतं, दोघंच एकमेकांना. घरी आल्या आल्या त्या म्हणाल्या, "आवं, येवढं फौजेतलं मानूस, अन् गुडघ्यापाई सूर कावून घालवता? आना तो झगा हिकडं."

आपलं जुनं लुगडं फाडून त्यांनी त्याच्या दुहेरी घड्या घातल्या, गोधडीला घालतात तसे बारीक टाके घातले आणि कमरेपासून काठापर्यंत ते झग्याच्या आतून शिवून टाकलं. बाहेरून काही दिसायचं नाही. पुढच्या वर्षी गडी एकमेकांना कोपरखळ्या मारत म्हणाले, मास्तर मागून लई भरलेत, पेन्शन लागू पडली. पण सूर असा उभा राहिला, की बंद गाभाऱ्यातली समईची ज्योत. मी टाळकरी माणूस, सुराचं मला कळतं.

पुढं एका वैशाखात केसरबाई गेल्या.

गेलेल्या माणसाचे कपडे आमच्याकडं घरात ठेवत नाहीत. जीव घोटाळतो म्हणतात. तेराव्याला सुंदररावांच्या बहिणीनं, वच्छलाबाईनं, लुगडी, चोळ्या, अंथरूण सगळं गोळा करून वाटून टाकलं. जाताना विचारलं, "दादा, घरात काई ऱ्हायलं तर न्हाई ना?"

सुंदरराव न्हाई म्हणाले. झगा मागंच खुंटीला होता.

मग ते घर अगदी मुकं झालं. संध्याकाळी ते ओट्यावर बसायचे, झगा गुडघ्यांवर पसरून, हात आतल्या टाक्यांवर. बाजा काढायचे नाहीत. मी हाक मारली की या म्हणायचे, पण बोलणं पुढं जायचं नाही. एकदा लिंबागणेशला कीर्तनाला मी त्यांना ओढूनच नेलं. कीर्तन उठल्यावर त्यांनी बुवांचे पाय धरले अन् लुगड्याचं सगळं सांगून टाकलं. बुवा हसले नाहीत. म्हणाले, बाई तिच्या देवाकडं केव्हाच पोचली. चिंधीत घोटाळलाय तो तुमचा जीव. त्यात पाप नाही. ऊब लागते तोवर ठेवा.

त्यांनी ठेवलं.

त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. धरणाचा तळ उघडा पडला. निम्मा ऊस चारा म्हणून जनावरांच्या छावणीतच गेला. बँडमधले गडी पुण्याकडं कामाला गेले. कल्याणराव म्हणाले, हंगाम चार दिवसांचा का होईना, मोळी पडेल अन् बाजा वाजेल. वाजवणारे उरले एकटे सुंदरराव.

आदल्या दिवशी दिवस मावळताना झगा पिशवीत घालून ते कारखान्यावर गेले. मी सोबत होतो. छावणी अंगणालगतच होती. तिथं छबुबाई नावाची म्हातारी आपल्या गाईपाशी बसली होती. गाईच्या पाठीवर गोधडी अन् बाईच्या खांद्यावर नुसतं पोतं. सुंदररावांनी विचारलं, गोधडी गाईला का?

"आमी दोघीबी म्हाताऱ्या," ती म्हणाली. "मला थंडी वाजती म्हनून सांगता तर येतं. तिला न्हाई."

सुंदरराव तिथंच मातीत बसले, खिशातला चाकू काढला अन् झगा उलटा केला. एकेक टाका उसवताना कापडाला कुठं ओरखडा येऊ दिला नाही. मी म्हटलं, उद्या वाजवायचंय, मास्तर. त्यांनी लुगड्याचं ते अस्तर झटकून छबुबाईच्या खांद्यावर टाकलं. तिनं काठ चाचपला, म्हणाली, "बाईमानसाचा हात हाय. कुनाचा?"

"घरातला," सुंदरराव म्हणाले.

पहाटे हाडं गोठवणारा वारा होता. मोळी पडली, बाजा सुरू झाला अन् सूर थरथरला. पहिल्यापासून शेवटपर्यंत थरथरतच राहिला. लोकांना वाटलं, वय झालं. कल्याणराव भले माणूस; त्यांनी सत्काराची शाल स्वतःच्या हातानं सुंदररावांच्या खांद्यांवर घातली. खांदे झाकले गेले. खाली गुडघे तसेच उघडे, काळेनिळे.

छावणीत छबुबाई होती. सुंदररावांनी तिकडं पाहिलं नाही. परतताना मला एवढंच म्हणाले, "वच्छीला सांगा, आता काई ऱ्हायलं न्हाई घरात."

पुन्हा त्यांनी बाजा हातात धरला नाही, अन् बायकोचं नावही ओठांवर आणलं नाही. तेव्हा एक मागणं आहे, माउली. थंडीत पांघरूण ओढाल तेव्हा त्या केसरबाईची आठवण करा. तिचं नाव घेणारं त्या घरात आता कुणी नाही.