सतरा नंबरची माती

पहिला दगड भावाच्या कपाळावर बसला, तेव्हा ताईच्या हातात अहवालाचा कागद तसाच होता.

वस्तीतली तीन मुलं शिशाच्या विषानं दगावली होती. कोणी कारखान्यावर खापर फोडत होतं, कोणी टेकडीच्या खडकावर. प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढलेली ताई म्हणाली, "भांडताय कशाला? माती द्या." शिशाचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात, हलक्या-जडांचं प्रमाण जागोजागी वेगळं. माती आणि खडक आम्लात विरघळवून अणूंची वजनं मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला दिले, की शिसं कुठलं ते कळतं. कारखाना, टेकडी आणि दगावलेल्या मुलांची अंगणं सोडून वस्तीतल्या बाकी नमुन्यांवर नाव नाही, फक्त नंबर. नावांची यादी मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात. नियम ताईचाच. नाव दिसलं की मन डळमळतं म्हणे!

शाळेच्या पटांगणात तिनं सगळ्यांसमोर वाचलं, "मुलांच्या अंगणातलं शिसं कारखान्याचं नाही, टेकडीचंही नाही. ते सतरा नंबरचं आहे." मुख्याध्यापकांनी पाकीट फोडलं. सतरा म्हणजे तिच्या धाकट्या भावाची शेड. त्याचं भंगाराचं दुकान, एवढंच तिला ठाऊक. शिशासाठी जुन्या बॅटऱ्या वितळवतो, हे त्यानं कधी कळू दिलं नव्हतं.

"ताई, मशीन चुकलं म्हण!" रक्तानं माखलेला भाऊ ओरडला. "एवढंच म्हण गं!"

माणसं तिच्याकडे बघत थांबली. तीन वेळा मोजलं होतं, तिन्ही वेळा तेच. खोटं बोललं तर भाऊ वाचेल. पण मग ती माती कोणी उचलणार नाही, पोरं तिच्यातच खेळत राहतील.

"मशीन बरोबर आहे," ती म्हणाली आणि धावत जाऊन भावावर आडवी पडली. "पण मारू नका हो त्याला! पोलिसांना बोलवा!"

लेक गमावलेल्या एका बापानं तिला केसांना धरून फरफटत बाजूला केलं. लोखंडी नळी खाली आली. एकदा, दोनदा, मग कोणी मोजलं नाही. मध्ये घातलेला तिचा हातही मोडला. भावाचा जबडा फुटल्याचा आवाज तिनं ऐकला.

दवाखाना येण्याआधीच तो गेला.

चौथ्या दिवशी हाताला प्लास्टर घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली. भावजयीनं आत घेतलं नाही.

"एक खोटं बोलता आलं नाही, वन्सं? पाठच्या भावासाठी?"

ताईला रडू आवरेना. "मुलांना अंगणात खेळू देऊ नकोस," एवढंच तिला बोलता आलं.

दार धाडकन लागलं. ती फाटकाशी पोचली, तोच घरामागून भावजयीचा आवाज आला. "दोघंही आत या आधी! हात दाखवा. नखांतली माती निघाली नाही अजून. चोळा म्हटलं ना!"