आत ओढलेला होकार

आमच्या उत्तर स्वीडनमध्ये 'हो' म्हणायला शब्द लागत नाही. ओठांचा चंबू करून हवा सर्रकन आत ओढली की झालं. मी मूळची दक्षिण स्वीडनची. उमिओला नोकरीला आले तेव्हा वाटायचं, या सगळ्यांना ठसका लागलाय की काय. आता केस पिकले, पण मला तो 'हो' काही जमत नाही आणि सिक्स्टन मला अजून 'पाहुणी'च म्हणतो.

सिक्स्टन आमच्या विद्यापीठात औषधशास्त्राचा प्राध्यापक, मी त्याच्याच प्रयोगशाळेत. थकलेल्या हृदयाला बळ देणाऱ्या औषधापायी त्यानं उभी हयात घालवली. उंदराच्या हृदयाच्या स्नायूची पट्टी कोमट खाऱ्या पाण्यात टांगायची, खालून ऑक्सिजन सोडायचा आणि औषध दिल्यावर ती किती जोर लावते ते बघायचं. कान इतका तयार, की बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगायचा, "पलीकडच्या भांड्यात हवा कमी पडतेय." आणि खरंच पडत असे.

त्याचा थोरला भाऊ यालमार याचंही हृदय थकलेलं. अंगात पाणी साठू नये म्हणून त्याला लघवीच्या गोळ्या होत्या. पण मूसच्या, म्हणजे इकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीचे दिवस आले की हा गडी दिवसभर मचाणावर बसणार, आणि गोळी घेतली की सारखं खाली उतरा. तो ती टाळणार हे सिक्स्टनला पक्कं ठाऊक, म्हणून रोज शिकारीच्या झोपडीत फोन.

त्या दिवशी औषधाचे आकडे चांगले आले होते. केक आणला होता, स्वारी खुशीत होती. कॉफी पितापिताच त्यानं फोन स्पीकरवर लावला.

"काय म्हाताऱ्या, मूस मिळाला की नुसताच बसलायस?"

"बसलोय. बूट... फार आवळतायत रे."

"कंजूष! सेलमधले घेतलेस ना, भोग आता. गोळी घेतलीस?"

सर्रकन श्वास.

"झोप लागली रात्री?"

पुन्हा तसाच.

"श्वास नीट चालतोय ना?"

पुन्हा.

मला राहवलं नाही. "अरे, हा हो म्हणतोय की धापा टाकतोय?"

सिक्स्टन हसत सुटला. "ऐकलंस का यालमार? इतकी वर्षं इथं राहून आमच्या पाहुणीला अजून आपला 'हो' कळत नाही!"

यालमारही हसला, मग बराच वेळ खोकला. मी केक कापायला घेतला. भाषा त्यांची, भाऊ त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोबतच्या शिकाऱ्यांना यालमार खाटेवर बसल्या बसल्याच गेलेला सापडला, पाठीशी दोन उशा. पाय इतके सुजलेले, की बूट कापून काढावे लागले. गोळ्यांचं पाकीट फोडलेलंच नव्हतं.

मला अजून राग येतो, पण कुणावर काढू? परका रोगी असता तर सिक्स्टननं फोनवरच ओळखलं असतं. घरचा माणूस होता, म्हणून त्याला घरचा 'हो' ऐकू आला.

दफनाला जाताना गाडीत तो म्हणाला, "सिग्नेला सगळं सांगणार आहे." सिग्ने म्हणजे यालमारची बायको. "बूट आवळतायत म्हणाला होता गं. मी थट्टा केली."

दफन आटोपून सगळे चर्चच्या दालनात कॉफीला बसले. सिग्ने किटली घेऊन आमच्यापाशी आली.

"सिक्स्टन, शेवटचं तूच बोललास त्याच्याशी. बरा होता ना रे तेव्हा?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं. हुंदका आला आणि त्यानं तो गिळायला हवा आत ओढली, सर्रकन.

सिग्नेचा चेहरा निवळला. "चला, एवढं तरी बरं झालं," ती म्हणाली. त्याच्या हातावर थोपटून तिनं कॉफी ओतली, इकडच्या रीतीप्रमाणे कपात चीजचे तुकडे टाकले आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

तो 'हो' नव्हता, हे त्या भरल्या दालनात फक्त पाहुणीला कळलं. मी सिक्स्टनकडे पाहिलं. त्यानं कप उचलला, आणि सिग्नेला परत हाक मारली नाही.