डोणीला वारस हवा

१४ मे १९८२. महाडात कोंदट उकाडा. दुपारी आभाळ भरून आले, पण पाऊस पडला नाही.

मी जुन्या पेठेच्या तोंडाशी असलेली दगडी डोण बोलतेय. एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून कोरून काढले. पोलादपूरकडून येणाऱ्या गाड्यांचे बैल माझ्यात तोंड घालत. सव गावची ठकूबाई शेजारी बसून भाजी विके आणि जुड्या माझ्या पाण्यात बुडवून ताज्या ठेवी.

मग पेठेत जतन मंडळ निघाले. अध्यक्ष कापडवाले शरच्चंद्र अण्णा, चिटणीस चारुशीलाबाई. माणसे तळमळीची. जुने कोरीव खांब विकू नका म्हणून ती दारोदार फिरली आणि काही खांब खरोखरच वाचले. पुढे त्यांची नजर माझ्याकडे वळली. दर सभेत माझे वय थोडे वाढे. अखेर मी शिवकालीन ठरले. अशा डोणीत बैलांनी तोंड घालणे शोभेना. पाणी बंद झाले, कुंपण आले, पाटी लागली : ‘हा आपला वारसा आहे.’

ठकूबाई कुंपणाबाहेर उन्हात बसू लागली.

“अण्णा, पानी नाय, चवळीनं मान टाकली बगा.”

“अहो ठकूबाई, ही ऐतिहासिक वस्तू आहे.”

“मी पन जुनीच हाय. मला नाय कुनी कुंपन घातलं!”

नंतर नगरपालिकेने गटार रुंद करायचे ठरवले आणि मी मधे आले. मंडळाने निवेदन दिले. आज सकाळी पालिकेचे कारकून ते निवेदन घेऊनच आले.

“गटार थांबणार नाही. डोण कोणी नेत असेल तर फोडणार नाही. तुम्हीच लिहिलंय, वारसा. मग वारस कोण?”

“सगळी पेठ!” अण्णा म्हणाले.

“सगळ्या पेठेच्या अंगणात कशी ठेवू? एक नाव सांगा. नाहीतर संध्याकाळी पहारी लागतील.”

अण्णांच्या दारात स्कूटर असते. चारुशीलाबाईंनी नुकतीच नवी फरशी बसवलेली. बाकीचे सभासद माझ्या नक्षीचे कौतुक करू लागले. मला नक्षी नाही.

“माझं नाव लिवा,” ठकूबाई म्हणाली.

“पण तुम्ही पेठेतल्या नाही,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

“नाय ना. म्हनून तर माझ्या दारात जागा हाय.”

कारकुनांनी नाव लिहून घेतले. अण्णांनी डोळे पुसले आणि मंडळाच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तो एकमताने संमत झाला.

संध्याकाळी ठकूबाईचा दीर सोनबा बैलगाडी घेऊन आला. मला गाडीत चढवायला सभासदांनीही हात लावला.

मी आता सवला, ठकूबाईच्या गोठ्याशी आहे. पाणी भरले. म्हैस प्यायली. उद्याच्या जुड्या माझ्यात बुडवून ठेवल्या आहेत. पाटी पेठेत आहे.