मागच्या सीटखालचा श्वास

आहे मी जुनी हायब्रिड गाडी, मित्रांनो; लपवून काय करू? पुढे पेट्रोलचे इंजिन आणि मागच्या सीटखाली मोठी बॅटरी, अशी माझी दुहेरी कमाई. कारखान्यातून आले तेव्हा एका घड्याळजींनी मला घेतले. त्यांचा पाय फार हलका. सिग्नल लांबून दिसला की ते आधीच वेग सोडत आणि तेवढ्यात माझी बॅटरी थोडी भरून निघे. "ही नुसत्या वासावर चालते," असे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मी मनातल्या मनात फुशारून जाई.

मग ते आजारी पडले. मुलगी चालवायला बसू लागली आणि ते मागे आडवे होऊ लागले, अंगावर राखाडी लोकरीचे पांघरूण घेऊन. त्यांचा श्वास लांब असे आणि शेवटी बारीक शीळ वाजे. एका सकाळी दवाखान्याच्या वाटेवरच तो थांबला. सीट निवायला बराच वेळ लागला.

त्यांच्या बायकोने, म्हणजे मुलीच्या आईने, पांघरुणाची घडी तिथेच सीटच्या कडेला ठेवली. त्या घडीला कोणी हात लावला नाही. पुढे मी पेट्रोल ढोसू लागले. आणि मागच्या सीटखालून एक आवाज येऊ लागला. लांब, शेवटी शीळ. आई नेहमी मागेच बसे, घडीवर हात ठेवून. मुलगी आरशात बघे आणि रेडिओ लावत नसे. आवाज माझ्याच अंगातून येत होता, पण तो मी काढत नव्हते. मला भीती वाटे, मित्रांनो.

शेवटी मुलगी म्हणाली, "आई, हिला नीट करून घेऊ, नाहीतर भंगारात देऊ. मला आता झेपत नाही गं."

गॅरेजमध्ये मेकॅनिकने घडी बाजूला केली आणि खालची जाळी दाखवली. "बॅटरीला गार हवा इथून जाते. पांघरुणानं तोंडच दाबलंय, पंखा धापा टाकतोय." त्याने आतून राखाडी लोकरीचा मूठभर गोळा ओढून काढला. "नवी बॅटरी बसवतो, हलके पळणारे टायर टाकतो. अ‍ॅव्हरेज पहिल्यासारखं मिळेल. पण हे पांघरूण परत इथं नको, नाहीतर नवी बॅटरीही जाईल."

"आणि तो आवाज?" आईने विचारले.

"बंद होईल की, आजी," मेकॅनिक खुशीत म्हणाला.

मुलगी चटकन बाहेर निघून गेली. म्हणजे तीही इतके दिवस ऐकत होती. आई बराच वेळ माझ्या दाराला धरून उभी राहिली. मला जगायचे होते, आणि त्याची लाजही वाटत होती. मग तिने पांघरूण स्वतः उचलले, छातीशी धरले आणि म्हणाली, "बसवा."

परतताना मी अगदी आवाज न करता चालले. मागच्या सीटवर बसलेली आई खाली वाकली आणि तिने जाळीला कान लावला. मुलीने मला रस्त्याच्या कडेला घेतले.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. ह्यांना झोप लागलीय. हळू चालव."

आता माझे पुन्हा कौतुक होते. मागच्या सीटवर मात्र कोणी न बसताही कधीकधी ऊब लागते. मित्रांनो, जुन्या गाडीची जाळी साफ ठेवत जा, ती गुदमरते. पण तिच्यावरचे पांघरूण तुम्ही ओढू नका. ज्याने ठेवले, त्यालाच उचलू द्या.